ज्याचं गलबत त्याचं राज्य, हे मला पटत नाही

बडोद्याला समुद्र नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी हसायला नको. आमचं पाणी म्हणजे सुरसागर आणि आजवा ही तळी, आणि पावसाळ्यात न बोलावता घरात येणारी विश्वामित्री नदी. तरीपण गेलं दीड वर्ष आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री जेवणं आटपून दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर जमतो आणि एका दर्यावर्दी देशाचा कारभार चालवतो. खेळ आहे तो. फासे टाकायचे, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, आणि माझा मावसभाऊ गेम मास्टर, म्हणजे देव, पाऊस, चाचे, जकात सगळं त्याच्या हातात. घरचे म्हणतात एवढ्या वयात काय हे, पण रात्रभर पत्ते कुटणाऱ्यांना कोणी असं विचारत नाही, असो.

देशाचं नाव सातगोदी. एक मोठं बेट, त्याला सात गोद्या, मागे उघडाबोडका डोंगर, शेती नावापुरती. तांदूळ बाहेरून, लाकूड बाहेरून, दोरखंडाला लागणारा काथ्या पण बाहेरून. ह्यांचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर जहाजं आणि वारेकरी. वारेकरी म्हणजे दोरीच्या गाठीत वारा बांधून ठेवणारी माणसं, नाव भाच्याने ठेवलंय आणि ते ऐकून वहिनी अजून हसते. गाठ सोडली की शीड भरतं, आणि जहाजावर गाठ नसेल तर बेटाभोवती जे मेलेलं पाणी आहे, जिथे कधी वाराच वाहत नाही, तिथून कोणी बाहेर पडू शकत नाही. समुद्रात मगरी भरपूर आहेत. विश्वामित्रीकाठच्या लोकांनी समुद्र काढला तर त्यात दुसरं काय येणार.

तर झालं असं की दिवाळीनंतरच्या शनिवारी मावसभावाने त्या देशाचा म्हातारा दर्यासारंग मारून टाकला, वारस नाही, आणि म्हणाला आता तुम्हीच ठरवा इथून पुढे राज्य कसं चालायचं. त्याला वाटलं असेल अर्ध्या तासात उरकेल. चार शनिवार गेले, लीला चेवड्याची चार पाकिटं गेली, ठरलं काहीच नाही.

आमच्यात एक सीए आहे, खेळात तो सगळ्यात मोठा व्यापारी, अकरा गलबतं. त्याचं म्हणणं सरळ, एका गलबतामागे एक मत. कंपनीत जसं शेअरमागे मत असतं तसं. त्याचं वाक्य होतं, "ज्याचे पैसे पाण्यात, त्यालाच पाण्याची काळजी." समोरच्या पोळातला, म्हणजे गल्लीतला, आमचा गुजराती दोस्त (आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो, आजोबांची पेढी मांडवीत होती) लगेच त्याच्या बाजूने, धंदा ज्याला कळतो त्यानेच राज्य करावं. भाचा कॉलेजात आहे, त्याला राजा हवा, आरमारवाला. वहिनी खेळात वारेकरीण आहे, तिचं म्हणणं वाऱ्याशिवाय तुमची सगळी गलबतं म्हणजे लाकडाच्या वखारी, तर राज्य वारेकऱ्यांचंच पाहिजे. आणि खरं सांगायचं तर पहिल्या शनिवारी मी सीएच्या बाजूने हात वर केला होता. मी खेळात तांडेल आहे, म्हणजे खलाशांचा मुकादम, पगारी माणूस, स्वतःची साधी होडी पण नाही, म्हणजे ज्या नियमाला मी हात वर केला त्या नियमाने मला एकही मत मिळत नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

भाच्याचा राजा आधी बाजूला करतो. त्याने आज्ञापत्र काढलं, रामचंद्रपंत अमात्यांचं, त्यात आरमाराला स्वतंत्र राज्यांग म्हटलंय आणि ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र असं सांगितलंय, ते खरंच आहे. पण त्याच आज्ञापत्रात साहुकाराला राज्याची शोभा म्हटलंय हे सीएने लगेच उचललं. मी म्हटलं शोभा म्हटलंय, राजा नाही म्हटलं. आणि पुढे टोपीकर, म्हणजे युरोपियन, व्यापाऱ्यांबद्दल काय लिहिलंय तेही वाच, हे नुसते व्यापारी नाहीत, ह्यांच्यामागे राजे आहेत, ह्यांना समुद्रकाठी जागा देऊ नका. पंतांना कळलं होतं की व्यापारी दोन प्रकारचे असतात, त्यातला एक येताना तराजू आणतो आणि बसल्यावर तोफ काढतो.

राजा असला तरी बंदराच्या गावावर त्याचं किती चालतं हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उदाहरण आपल्याच दाराशी आहे. १६६९ मध्ये सुरतेत काझीच्या जाचाला आणि जबरदस्तीच्या धर्मांतराला कंटाळून सुमारे आठ हजार वाणी पुरुष एका झटक्यात गाव सोडून भरुचला निघून गेले. लढाई नाही, दगडफेक नाही. दुकानांना कुलपं, टाकसाळ थंड, जकातीच्या ठाण्यावर माश्या. गादीवर औरंगजेब, त्याच्या साम्राज्याचं सगळ्यात श्रीमंत बंदर, आणि ते काही आठवड्यात असं ठप्प झालं की वरून अभयवचन आलं तेव्हा वर्ष संपता संपता मंडळी परत आली. बडोद्याहून सुरतेला जाताना गाडी भरुचवरून जाते तेव्हा नर्मदेच्या पुलावर मला दरवेळी हे आठवतं, ह्याच नदीपलीकडून एक अख्खा बाजार डोक्यावर घेऊन लोक आले होते.

आता ह्यातून सीए म्हणतो बघ, व्यापाऱ्याकडे केवढी ताकद आहे, आणि ती त्याने जुलमाच्या विरुद्ध वापरली. मान्य. शंभर टक्के मान्य. पण ती ताकद कसली आहे ते नीट बघायला पाहिजे. ती उठून जाण्याची ताकद आहे. हुंडी खिशात मावते. सुरतेचा हमाल, सुतार, जहाजाला डांबर लावणारा, त्याला कुठे जाता येत होतं? ज्याला जाता येतं त्याचं बादशाहालाही ऐकावं लागतं, मतपेटी असो नसो. म्हणजे व्यापाऱ्याकडे एक मत आधीच आहे, जन्मापासून, पायात. त्यावर आणखी गलबतामागे एक मत द्यायचं म्हणजे ज्याच्या पानात आधीच दोन पुरणपोळ्या आहेत त्याला तूप पण आधी वाढायचं.

माझं मत बदललं ते तिसऱ्या शनिवारी. वादळाचा सेशन होता. गलबत सीएचं, खेळातल्या हिशोबाने चाळीस हजार मोहरांचं. आत त्याचंच रेशीम तीस हजारांचं, दोस्ताचा मसाला वीस हजारांचा, आणि दहा तांबटांची मिळून दहा हजारांची तांब्याची भांडी. तांबट स्वतः जहाजावर नव्हते, त्यांनी माल चढवून पावती घेतली आणि घरी गेले. मावसभाऊ म्हणाला जहाज बुडतंय, वजन कमी करा. दोन मिनिटं पण लागली नाहीत, मी मोबाइलवर वेळ बघितली होती. भांडी टाका. जड आहेत, आणि मालक इथे नाही. मग तळातून ती वर आणायला कोण जाणार, तर खलाशी. फासे पडले, दोन खलाशी लाटेबरोबर गेले. सीए चेवडा खाता खाता म्हणाला, "पुढच्या बंदरात मिळतील ना दुसरे?"

तो वाईट माणूस नाही, उलट आमच्यात सगळ्यात मऊ तोच, रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज बिस्किटं घालतो. पण खेळात त्याच्या हातात हिशोब होता आणि हिशोबात खलाशी दुसरा मिळत होता.

माझी नोकरी विम्याची आहे, माल वाटेत खराब झाला की क्लेम बघायला मी जातो, त्यामुळे मला तिथल्या तिथे एक जुना कायदा आठवला. ऱ्होड्स नावाच्या ग्रीक बेटाच्या नावाने ओळखला जातो, रोमन कायद्याच्या संग्रहात घेतला गेला आणि आजही जगभर चालतो. जहाज वाचवायला एकाचा माल समुद्रात टाकला तर ते नुकसान ज्यांचं ज्यांचं वाचलं त्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. वरच्या हिशोबात जहाज आणि माल मिळून एक लाख, टाकलं दहा हजारांचं, म्हणजे प्रत्येकाचा दहावा हिस्सा. जहाजाचे चार हजार, रेशमाचे तीन, मसाल्याचे दोन, आणि तांबटांनी पण एक हजार सोसायचे. तांबट फुकट सुटत नाही पण बुडतही नाही. मला विचाराल तर दर्यावर्दी देशाची राज्यघटना एवढ्या एका वाक्यातून काढता येते. आमच्या धंद्यात ह्याला जनरल अॅव्हरेज म्हणतात, नाव एवढं बेचव की आत किती मोठी गोष्ट आहे ते कोणाला कळतच नाही.

आणि त्या कायद्यातलं भोकही मला कामामुळेच माहिती आहे. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं प्रचंड जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं, सहा दिवस, सगळ्यांनी मीम्स पाठवले होते. जहाजाचा मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा. मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे ज्यांचे ज्यांचे कंटेनर जहाजावर होते त्या सगळ्यांना खर्चात हिस्सा. बरोबर. पण जहाज सुटल्यावर भरपाईच्या भांडणात इजिप्तने ते अडवून ठेवलं, आणि त्यावर जे पंचवीस खलाशी होते ते सगळे भारतीय, त्यातले बहुतेक कित्येक आठवडे त्या पाण्यात, जहाज सुटलं ते जुलैमध्ये. मालक जपानात, विमावाले लंडनला, झेंडा तर असा की त्या जहाजाने पनामाचं काय बघितलं असेल देव जाणे, आणि जागेवर कोण, तर ही आपली पोरं. मालाचं नुकसान वाटून घ्यायचा कायदा माणसाने हजारो वर्षांपूर्वी शोधला. माणसाचे दिवस गेले तर ते कोणात वाटायचे ह्याचा अजून नाही.

आता जरा घरची गोष्ट. आमची सोसायटी नदीपासून फार लांब नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस बडोद्यात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला तेव्हा आमच्या मीटररूममध्ये पाणी शिरलं. त्यानंतर मीटर आणि पंप वर पहिल्या मजल्याच्या उंचीला न्यायचा ठराव आला. बत्तीस फ्लॅट, त्यातले अकरा मालक अमेरिका-कॅनडात. माणसं चांगली आहेत, गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी त्यांचीच येते. पण खर्चाचा आकडा ग्रुपवर पडला आणि पटापट अंगठे खाली, पुढच्या वर्षी बघू. मी पण शहाणा नाही, त्या मीटिंगला मी कामानिमित्त हजिऱ्याला होतो, आणि मनात कुठेतरी बरंच वाटलं की आत्ता पैसे भरावे लागणार नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री परत आली, मगरींसकट. तीन दिवस लाइट नाही, टाकी कोरडी. वॉचमनची खोली तळमजल्याला, त्याचं कुटुंब दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात चटई टाकून, त्याच्या मुलीच्या वह्या आम्ही आमच्या गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या. त्या ठरावावर ज्याच्या खोलीत पाणी शिरणार होतं त्याला मत नव्हतं, आणि जो अमेरिकेत मेन्लो पार्कात झोपला होता त्याला होतं. सीएने हे ऐकून म्हटलं की सोसायटी आणि देश वेगळं. मी म्हटलं मला तर फक्त पाण्याच्या खोलीत फरक दिसतोय.

व्यापाऱ्यांचं राज्य म्हटलं की सगळे व्हेनिसचं नाव घेतात, सीएने पण घेतलं. हजार वर्षांचं प्रजासत्ताक, राजा नाही. आणि त्यांची निवडणूक तर मला फासे खेळणारा माणूस म्हणून फारच आवडते. १२६८ पासून त्यांनी आपला प्रमुख, डोज, निवडायची अशी रीत ठेवली की चिठ्ठीने तीस जण काढायचे, त्यातले चिठ्ठीनेच नऊ ठेवायचे, ते नऊ जण चाळीस निवडणार, चाळीसांचे चिठ्ठीने बारा, असं करत करत शेवटी एक्केचाळीस जण, आणि ते डोज निवडणार. चिठ्ठ्या, म्हणजे गोळ्या, काढायला चौकातलं कुठलंही लहान पोरगं धरून आणायचे. कोणाला पैसे चारायचे हेच कळू नये म्हणून एवढा खटाटोप. हुशारच लोक.

पण व्हेनिस श्रीमंत कसं झालं ते कोणी सांगत नाही. त्यांच्याकडे भागीदारीचा एक करार होता, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने घरी बसून भांडवल द्यायचं, ज्याच्याकडे फक्त जीव आहे त्याने जहाजावरून जायचं, आणि परत आल्यावर नफ्याचे तीन हिस्से भांडवलवाल्याचे, एक हिस्सा जाणाऱ्याचा. म्हणजे कफल्लक पोरगं पाच-सहा सफरींत स्वतः सावकार व्हायचं. नवीन घराणी वर येत होती, सभेत येऊन बसत होती. मग १२९७ मध्ये जे आधीच आत होते त्यांनी सभेचं दार लावून घेतलं. आपले मुलगे, नातू, बस. पुढे कोणाचा जन्म खानदानी ते लिहायला सोनेरी वही आली. आणि त्यानंतर सतराव्या शतकात क्रीटच्या लढाईत खजिना रिकामा झाला तेव्हा हेच खानदानी लोक एक लाख डुकाटला (त्यांची सोन्याची नाणी) एक अशी त्या वहीतली जागा विकत बसले. सीए म्हणतो दार लावल्यावर पण पाचशे वर्षं टिकलं ना, नेपोलियन १७९७ मध्ये येईपर्यंत. टिकलं, खरंय. आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा पण टिकलाय, त्यातून कोणी येत-जात नाही एवढंच. (त्या क्रीटच्या लढाईचा शेवट १६६९ चाच, सुरतेच्या वर्षाचा. जर्मन व्यापारी शहरांच्या हान्सा संघाची शेवटची मोठी सभापण त्याच साली. योगायोग आहे, पण मला असले योगायोग सोडवत नाहीत.)

दार लावणं हा एक रोग, दुसरा त्याहून वाईट. व्यापाऱ्यांच्या कंपनीलाच तलवार देणं. डच लोकांनी १६०२ मध्ये कंपनी काढली, सतरा संचालक, आणि कंपनीला लढाया करायचा, तह करायचा, किल्ले बांधायचा अधिकार दिला. मायदेशी प्रजासत्ताक, छापखाने, मोकळं बोलणं, सगळं उत्तम. आणि १६२१ मध्ये त्याच कंपनीने आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळाच्या मक्त्यासाठी तिथली जवळजवळ सगळी वस्ती मारून नाहीतर हाकलून संपवली, बागा गुलामांकडून करवून घेतल्या. आपण श्रीखंडावर जायफळ किसतो ना, ते त्या काळी तिथेच उगवायचं. हिशोबाच्या वहीत हे कुठल्या खात्यात लिहिलं असेल असं मी सीएला विचारलं, तर तो पहिल्यांदाच काही बोलला नाही.

दोस्ताला मी म्हटलं तुझ्या आजोबांच्या गल्लीतलं सांगतो. बडोद्यात अठराव्या शतकाच्या शेवटाला गायकवाडी सरकार पेढ्यांच्या कर्जावर चालायचं, हरी भक्तीची पेढी त्यातली मोठी. सावकार सरकारला पैसे देणार, आणि सरकार शब्द पाळेल ह्याची हमी कोण घेणार, तर सरकारच्याच नोकरीतली अरब शिबंदी, म्हणजे पगारी फौज. मग शिबंदीचाच पगार थकला. १८०२ मध्ये अरबांनी गावाचे दरवाजे ताब्यात घेतले, आनंदराव महाराज त्यांच्या पहाऱ्यात, इंग्रजांनी येऊन वेढा घातला, शेवटी थकबाकी चुकवून अरबांना बाहेर काढलं. आणि ती हमी द्यायच्या जागी कोण येऊन बसलं? इंग्रज. लहेरीपुऱ्याच्या दरवाज्यातून आपण रोज स्कूटर काढतो, पण पगार न मिळालेली माणसं आपल्याच गावाची वेस धरून बसतात तेव्हा दारात तिसरा टपून असतो, हे त्या दगडांनी बघितलंय. सातगोदीत खलाशांचे पगार सफर संपल्यावर मिळतात आणि त्यातले निम्मे मालक पुढच्या सफरीपर्यंत अडकवून ठेवतात, हा नियम आम्हीच पहिल्या महिन्यात गंमत म्हणून केला होता.

वहिनीच्या वारेकऱ्यांबद्दल. तिचा मुद्दा सगळ्यात जवळचा आहे आणि त्याला जुना आधार पण आहे. अथेन्सची लोकशाही वरच्या लोकांच्या चांगुलपणामुळे रुंदावली नाही, वल्ह्यांमुळे रुंदावली. इसवी सन पूर्व ४८३ मध्ये चांदीची खाण लागली, पैसे वाटून घेण्याऐवजी जहाजं बांधली, एका जहाजाला १७० वल्हेकरी, आणि एवढे वल्हेकरी गरिबांतूनच येणार. इराणी आरमाराविरुद्धची सालामिसची लढाई त्यांनी मारली. त्यानंतर त्यांना सभेत गप्प बसा म्हणायची कोणाची हिंमत? लोकशाहीचा तिटकारा असलेल्या त्यांच्याच एका लेखकाने पण कबूल केलंय की जहाजं हेच लोक चालवतात तेव्हा ह्यांना जास्त मिळतं ते न्यायाचंच आहे. तर वारेकऱ्यांना हिस्सा पाहिजे, नक्की पाहिजे. पण फक्त त्यांचं राज्य? नको. वारा बांधता येतो म्हणून तांदळाचा भाव कळतो असं नाही, आणि ज्याच्याशिवाय अडतं तो ह्याच जोरावर उद्या बाकीच्यांना अडवायला लागतो. अथेन्सवाल्यांनी पण बायकांना आणि गुलामांना दाराबाहेरच ठेवलं होतं. वहिनी म्हणाली, "म्हणजे आम्ही परत बाहेर?" नाही हो वहिनी, आत, पण एकट्या नाही.

मग माझं काय म्हणणं? पैशाचे प्रश्न, जकातीचा दर, हुंडीचे नियम, वजनमापं, हे खुशाल गलबतवाल्यांच्या सभेने ठरवावं, त्यांना ते आमच्यापेक्षा कळतं. पण जिथे कोणाचा जीव टांगणीला लागतो, लढाई, खलाशांचा पगार, वादळात काय टाकायचं, वारेकऱ्यांचे करार, तिथे शेवटचा शब्द धक्क्याच्या सभेचा. ह्या सभेत कोण? जो वर्षातले तीनशे दिवस बेटावर किंवा बेटाच्या जहाजावर काढतो तो. हमाल, तांडेल, तांबट, खलाशाची बायको. व्यापारीही बसू शकतो, राहा ना तीनशे दिवस, कोण नाही म्हणतंय. नावं चिठ्ठीने काढायची, व्हेनिससारखं चौकातलं पोरगं धरून आणून. प्रत्यक्ष वादळात हुकूम एकट्या तांडेलाचा, तिथे मतदान करत बसलात तर सगळेच बुडाल, पण किनाऱ्याला लागल्यावर त्याने सभेपुढे उभं राहून हिशोब द्यायचा.

दोस्त म्हणाला हमालाला राज्यकारभारातलं काय कळणार. ह्यावर मात्र मी चिडलो. वीस वर्षं क्लेम बघतोय, गोदामात गेलो की मॅनेजर चहा मागवतो आणि फाइल उघडतो, मी चहा घेतो आणि हमालाला गाठतो. परवाच एकाने गोणीला नुसता हात लावून सांगितलं, साहेब ही पावसाने भिजलेली नाही, पावसाने वरून भिजते, ही खालून वर चढलीये, ट्रकच्या फळीवर आधीच पाणी होतं. फाइलमध्ये चाळीस पानं होती, त्यात हे नव्हतं.

माझ्या मांडणीत लंगडं काय ते पण सांगतो, नाहीतर वहिनी सांगेलच. वारेकऱ्यांचे करार सभेच्या हातात दिले तर मग वारेकऱ्याला बेट सोडून जाता येणार की नाही? ज्याला जाता येत नाही त्याची बाजू घ्यायची आणि मग आपणच त्याला बांधून ठेवायचं, हे चालणार नाही. म्हणून मी म्हटलं की जायची मोकळीक पाहिजे, आजन्म कर्जाचे करार रद्द. मग शेजारचं बंदर त्यांना जास्त पैसे देऊन पळवेल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर एवढंच आहे की तेवढे पैसे आपण द्यावेत. दुबळं उत्तर आहे, पण आहे ते हे.

काल रात्री सीएने शेवटचं अस्त्र काढलं. ठीक आहे, म्हणाला, तुमची धक्क्याची सभा करा, मी माझी अकरा गलबतं घेऊन पोवळेबंदरला चाललो, तिथे असला त्रास नाही. दोस्त हसला, भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं जा की, तुझा हक्कच आहे, सुरतेचे लोक पण गेलेच होते. फक्त वारेकऱ्यांशी नवीन करार आता तुला करता येणार नाही, तो धक्का करणार, म्हणजे मेल्या पाण्यातून बाहेर पडायला तुझ्याकडे जुन्या किती गाठी शिल्लक आहेत तेवढ्यावरच जायचं. सीएने चेवड्याचा हात झटकला आणि मावसभावाला विचारलं, किती आहेत माझ्या वखारीत. मावसभावाने वही काढली, पानं मागे उलटली, बोटाने मोजलं, परत एकदा मोजलं. नऊ.